गाणं नटाचं, डोळ्यात पाणी आपल्या

मागच्या अंकात संगीत नाटकांवर दोन पानं लिहिली होती. त्यात एवढंच म्हटलं होतं की आपल्याकडचं बरंच गाणं घराघरात पोचलं ते मैफिलीतून नाही, तर स्टेजवर उभं राहून गाणाऱ्या नटांमुळं. त्यावर इतकी पत्रं आली, खानापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगावात तर गल्लीगल्लीतून, एक हल्याळहून पण आलंय, की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच नाव घातलेलं नाही, फक्त गाव दिलंय.

खानापूरहून एक शिक्षक लिहितात: मी काय सारखा रडणारा माणूस नाही. पण "एकच प्याला"मधलं सिंधूचं एक पद लागलं की माझा गळा दाटतो. ते पद दारुड्या नवऱ्याच्या बायकोचं आहे, माझ्या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही, बायको-पोरं सुखात आहेत. मग मला नक्की रडू येतं ते कशाचं?

सर, तुमचं पत्र वाचलं, चहा करून आणला आणि परत एकदा वाचलं, कारण जे तुमचं तेच माझं. पद वेगळं असेल पण नाटक तेच.

माझ्या वडिलांचं शहापुरात सायकलचं छोटंसं दुकान होतं. पंक्चर काढायला गिऱ्हाईक आलं की ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठं येतो बघायचं, तिथं खूण करायची, पुसून कानशीनं घासायचं, सोल्युशन लावायचं, आणि मग ते वाळेपर्यंत दोन-तीन मिनिटं हात मोकळे असायचे. त्या दोन-तीन मिनिटांत ते सिंधूचं पद गुणगुणायचे, रोज तेच, मुखडा आणि अर्धा अंतरा, कारण तोवर सोल्युशन वाळलेलं असायचं आणि ठिगळ चिकटवायची वेळ झालेली असायची. पुढचा अर्धा अंतरा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नाही. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी एका लग्नात हॉलमध्ये कुणीतरी ते पद लावलं, जेवणाची पंगत बसलेली, माझ्या हातात पाण्याचा जग, मुखडा झाला, अर्धा अंतरा झाला, मी आपला वाढतोय, आणि पुढचा अर्धा सुरू झाला तसं मला उभंच राहवेना, जग खाली ठेवला आणि मागं जिथं भांडी घासत होते तिथं जाऊन उभा राहिलो. सिंधूसाठी नाही सर. मला सोल्युशनचा वास आला होता.

आता बघा, ते पद आधी कुठून आलं. हे नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, त्यांनी आपलं हे नाटक स्टेजवर बघितलंच नाही, पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं ते उभं केलं. त्या मंडळीत बायकांची कामं करणारे गायक नट बालगंधर्व म्हणजे शालू, दागिने, अत्तर, प्रेक्षकांतल्या बायका त्यांचं बघून साडी नेसायची आणि केस बांधायची पद्धत उचलायच्या. तेच बालगंधर्व सिंधू म्हणून ठिगळाचं लुगडं नेसून आले. गाण्याआधी संवाद असायचा, आणि संवादाचं शेवटचं वाक्य ते अशा सुरात सोडायचे की बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं सुरू झालं ते कळायचं नाही. म्हणजे ऐकणाऱ्याला गाणं सुटं मिळतच नव्हतं, एका बाईच्या एका वेळेसकट मिळत होतं. पाळण्यात पोर, घरात दाणा नाही, नवरा कुठं पडलाय माहीत नाही, आणि आता ती गाते.

मग तेच पद रेकॉर्डवर गेलं. ७८ आरपीएमच्या तबकडीला एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात संवाद नाही, लुगडं नाही, सिंधू नाही, फक्त पद. ते हॉटेलात वाजलं, रेडिओवर वाजलं, माझ्या वडिलांच्या तोंडात येऊन बसलं. नाटकातला प्रसंग वाटेत गळून गेला, पण "कुणीतरी फार जवळचं माणूस हातातून निसटतंय" एवढं त्या सुरात राहिलंच, ते काय गळत नाही. तिथं ज्यानं त्यानं आपलं माणूस आणून बसवलं. माझ्या मते तुमच्या बाबतीतपण असंच काहीतरी झालंय. ते पद तुम्ही पहिल्यांदा कुणाबरोबर ऐकलं ते आठवून बघा, पदाचा अर्थ शोधू नका. आठवलं तर मला लिहा, नाही आठवलं तरी काही बिघडत नाही.

आणि शरीराचं म्हणाल तर त्यावर अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली लोकांना त्यांच्या आवडीची, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवून मेंदूत काय होतं ते तपासलं, तर डोपामिन नावाचं जे द्रव्य आवडतं खाणं खाल्ल्यावर सुटतं तेच सुटत होतं, आणि ती जागा येते तेव्हाच नाही, ती यायच्या आधी, आता येणार, आता येणार अशी वाट बघतानासुद्धा. हे वाचलं तेव्हा मला समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, आठवण झाली. मी पंधरा-वीस वर्षं हौशी नाटकांना पेटीची साथ केलीय, सम यायच्या आधी मात्रा-दोन मात्रा सगळा हॉल श्वास धरतो ते पेटीवर बसलेल्याला अगदी समोर दिसतं, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात मांडीवरून वर आलेले असतात.

निपाणीहून, वय २१: काका, बी.कॉम. झालंय. एकांकिका स्पर्धा करतो, आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जाऊन गाणं शिकतो. घरात म्हणतात दोन्हीतलं एक काहीतरी धर नाहीतर दोन्ही जाणार. बाबा म्हणतात ते सगळं सोड आणि ओळखीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेबाला बस. मला गाणारा नट व्हायचंय. आजच्या काळात असं करिअर असतं का?

असतं. पण आधी एक सांगतो, गाणारा नट म्हणजे अर्धा गायक आणि अर्धा नट असं नव्हे. ते एकच काम आहे, आणि तेच लोकांना समजावून सांगता येत नाही म्हणून घरचे दोन्हीतलं एक धर म्हणतात. त्यांच्यावर रागावू नकोस.

तू कोल्हापूरला जातोस म्हणून आधी गोविंदराव टेंब्यांचं बघ. तिथलाच माणूस. पेटी अशी वाजवायचे की लोक फक्त पेटी ऐकायला यायचे. १९११ च्या "मानापमान"चं संगीत त्यांचं, १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी काढली त्यात बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर ते भागीदार, स्वतः स्टेजवर कामं केली, आणि १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट आला, प्रभातचा "अयोध्येचा राजा", त्यात हरिश्चंद्र तेच आणि संगीतपण त्यांचंच. त्यांना कुणी म्हटलं असेलच की एक काहीतरी धरा. त्यांनी चारही धरली.

केशवराव भोसले. जन्म १८९० चा. ललितकलादर्श ही स्वतःची कंपनी त्यांनी काढली १९०८ ला, ती पण आपल्या हुबळीत, तेव्हा त्यांना अठरावं संपायचं होतं. तुझ्यापेक्षा लहान. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी "संयुक्त मानापमान" झालं, दोन कंपन्यांचे दोन राजे एका स्टेजवर, धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. माईक नाही, काही नाही, नुसत्या गळ्यावर भरलेलं थिएटर पेलायचं. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतीस वर्षांचे होते. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही, या धंद्यात गळा आणि शरीर हेच भांडवल असतं आणि ते जपायचं असतं म्हणून सांगतोय. जागरणं कमी कर, स्पर्धेच्या आदल्या रात्री ओरडून तालीम करू नकोस, आणि वखारीत बसलास तर तंबाखूच्या धुरळ्यात तोंडाला फडकं बांधून बस, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आणि हो, वखारीत बस. वसंतराव देशपांड्यांनी किती वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. लहानपणी १९३५ च्या "कालियामर्दन" सिनेमात कृष्ण झालेला हा मुलगा, गळा असा की भलेभले थक्क व्हायचे, पण पोटासाठी खर्डेघाशी. "कट्यार काळजात घुसली" आलं १९६७ च्या डिसेंबरात, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांचा खाँसाहेब लोकांनी असा डोक्यावर घेतला की आज साठ वर्षं होत आली तरी ते काम त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्या खाँसाहेबाची जी तडफड आहे ना, आपल्याला कुणी बोलवत नाही, आपलं गाणं ऐकून घेत नाही, ती वसंतरावांना बाहेरून आणावी लागली नसणार असं मला कायम वाटतं. पुढं त्यांच्या नातवानं, राहुल देशपांड्यांनी, तीच भूमिका स्टेजवर केली, मग आजोबांवरच्या "मी वसंतराव" सिनेमात आजोबांचं काम केलं, त्यातल्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे आजच्या काळातपण असतं.

पैशाचं तेवढं नीट शिकून घे. बालगंधर्वांसारखा माणूस, एवढी तिकीटविक्री, तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, खरेखुरे भरजरी कपडे, आणि कंपनी कर्जात बुडाली. ते कर्ज त्यांनी प्रयोग करकरून फेडलं. बी.कॉम. झालायस ते वाया गेलं असं समजू नकोस, नाटक कंपनीला हिशेब कळणारा माणूस मिळतच नाही.

आता एक काम सांगतो, ते महिनाभर करून मला कळव. जे पद बसवतोयस ते आधी गाऊ नकोस. दहा दिवस ते नुसतं बोल, संवाद म्हणून, समोर माणूस उभा आहे असं धरून. कुठल्या शब्दाला आवाज आपोआप खाली येतो, कुठं थांबावंसं वाटतं, ते पेन्सिलीनं मारून ठेव. मग गा. ताना तिथंच घाल जिथं बोलताना शब्द अपुरा पडला होता. बाकीच्या सोडून दे, कितीही चांगल्या येत असल्या तरी. मोबाईलवर दोन्ही रेकॉर्ड करून आईला ऐकव, गुरुजींना नंतर. आई काम करता करता थांबली तर ते पद जमलं म्हणायचं.

बेळगाव, हिंदवाडीहून: "मानापमान"च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी वारली आणि तरी बालगंधर्व रात्री उभे राहिले, हे खरं का? आणि खरं असेल तर आपण त्याचं इतकं कौतुक का करतो? मला एक आई म्हणून ते ऐकवत नाही.

खरं आहे. १२ मार्च १९११, मुंबई, तेव्हा ते किर्लोस्कर मंडळीत होते, वय बावीस. त्यांनी भामिनीचं काम केलं, श्रीमंत बापाची हट्टी लाडकी मुलगी, म्हणजे हसायचं, नखरे करायचे, रुसायचं, सगळं त्या रात्री.

ताई, मी पण लहानपणापासून ही गोष्ट भाषणांत ऐकत आलोय, प्रत्येक वेळी शेवटी टाळ्या. मलापण आता टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. कंपनीत कितीतरी माणसं पोटाला होती, नवीन नाटक, आगाऊ तिकिटं विकलेली, हे सगळं कळतं, आणि बावीस वर्षांच्या पोरानं ते ओझं उचललं म्हणून त्याच्याविषयी जीव तुटतो. पण त्या घरात एक आईपण होती ना. ती त्या रात्री काय करत होती, तिच्याजवळ कोण बसलं होतं, हे कुणी भाषणात सांगत नाही. तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. नाटकाच्या गोष्टी सांगताना घरात राहिलेल्या माणसांचं पण सांगायला पाहिजे असं मला हल्ली फार वाटतं, कारण नट रात्री स्टेजवर दुसऱ्याचं सुखदुःख गातो तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरचं कुणीतरी दुसरंच सांभाळत असतं.

संकेश्वरहून, कॉलेजमधली मुलगी: माझी मैत्रीण कन्नड घरातली आहे. मराठी तिला बाजारापुरतं येतं. पण आमच्याकडं एकदा जुनं नाट्यपद लागलं होतं तर ती ऐकता ऐकता रडायला लागली. शब्द कळले नाहीत म्हणाली. उलट माझ्या आजीला यल्लम्माची कन्नड गाणी ऐकून रडू येतं आणि आजीला कन्नड येत नाही! असं कसं होतं?

तुझं पत्र मी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

अगं, आपल्या भागात हे असंच चालत आलंय. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघूनच. मराठी संगीत नाटक ज्यांनी सुरू केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर, जन्म १८४३, गाव गुर्लहोसूर, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं, सौंदत्तीकडं. तुझ्या आजीची यल्लम्मापण तिकडचीच. बेळगावात त्यांनी मास्तरकी केली, सरकारी कचेरीत नोकरी केली, "शारदा" लिहिणारे देवल इथं त्यांच्या हाताखाली शिकले. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात "शाकुंतल" झालं, त्यात पदंच दोनशेच्या वर, आणि त्या काळच्या नाटकांत कन्नड पदांच्या चाली घेऊन त्यावर मराठी शब्द बसवायचा रिवाजच होता. गोकाककडं श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाटकाचे खेळ रात्ररात्र चालतात, तिथली सत्यभामा रुसली की गाऊनच रुसते, तेपण इथल्या हवेतच होतं. म्हणजे तुझी मैत्रीण जे पद ऐकून रडली त्याची चाल कदाचित तिच्याच पणजीच्या ओळखीची असेल, काय सांगावं.

आणि गाणारे? सवाई गंधर्व, रामभाऊ कुंदगोळकर, जन्म १८८६, हुबळीजवळच्या कुंदगोळचे. घरी कन्नड. मराठी संगीत नाटकांत बाईची कामं करून त्यांनी मराठी प्रेक्षक वेडा केला, सवाई गंधर्व हे नाव मराठी लोकांनीच लावलं. भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल त्यांचेच शिष्य. अमीरबाई कर्नाटकी बिळगीच्या, आता तो बागलकोट जिल्हा, सिनेमात कामंपण केली आणि १९४३ च्या "किस्मत"मधली त्यांची गाणी सगळ्या देशानं म्हटली. त्यांची बहीण गोहरबाई बालगंधर्वांच्या नाटकात उभी राहिली.

आणि गवई कुमार गंधर्व तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९२४ चा जन्म, घरचं नाव शिवपुत्र कोमकाळी, घरात कन्नड. एवढंसं पोर रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब म्हणून दाखवायचं. विचार कर, त्या वयात त्या मुलाला त्या बंदिशींतले ब्रज भाषेतले शब्द कितीसे कळत असतील? पण श्वास कुठं घेतलाय, आवाज कुठं दाबलाय, कुठं सोडलाय, ते कळत होतं. पुढं मोठेपणी त्यांनी बालगंधर्वांच्या गाण्यावर मैफिलीचा अख्खा कार्यक्रम केला.

मी पेटीवर बसून जे बघितलंय ते सांगतो. येळ्ळूरच्या एका कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगांत कन्नड पाहुणे होते, गावातल्या कुणाच्या तरी सोयरिकीचे. विनोदी प्रवेशाला ते गप्प, कारण विनोद शब्दांत असतो. पद सुरू झालं की मराठी लोकांच्या आधी त्यांची मान हलायची. आर्जव करणारा माणूस कुठल्याही भाषेत शेवटचा स्वर जरा खाली सोडून देतो, आई पोराला हाक मारते ती शेवटी वर जाते. गाणारा नट हेच उचलतो आणि रागात बसवतो. तुझ्या मैत्रिणीला ते ऐकू आलं. आजीलापण तेच. चौंडकं म्हणजे ते एका तारेचं वाद्य, त्याची तार ताणून यल्लम्माची जोगतीण "उधो" म्हणते तेव्हा भाषांतर कोण मागतो?

मैत्रिणीला त्या पदाचे शब्द समजावून सांग एकदा, पण लगेच नको. आणि तिच्याकडून एक कन्नड पद शिकून घे, ते जास्त महत्त्वाचं.

शहापूर, बेळगावहून एक आजोबा: हल्लीच्या गाण्यांत काय राहिलेलं नाही. एक गाणं काळजाला भिडत नाही. तुमचं मत काय?

आजोबा, तुमचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. माणसाच्या मनात सगळ्यात पक्की बसतात ती साधारण दहा ते तीस वयातली गाणी, कारण पहिलं सगळं तेव्हाच घडत असतं, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घरातलं पहिलं मरण. तुमच्या नातवाच्या कानात जे वाजतंय त्यात त्याचं ते सगळं साठतंय. त्याला एकदा विचारा, हे गाणं तुला का आवडतं रे, आणि मधे न बोलता ऐका. मग तुमचं ऐकवा त्याला.

हल्याळहून एक वैनी: माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. दोन वर्षं झाली, विसर पडायला लागलाय. आता मला "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं विचारतात. मुलाला कधी ओळखतात कधी नाही. पण संध्याकाळी मोबाईलवर जुनी नाट्यपदं लावली की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शब्द न चुकता म्हणतात. माहेर सांगलीकडचं, लहानपणी वडिलांबरोबर नाटकाला जायच्या. पद संपलं की टाळी वाजवून "वन्स मोअर" म्हणतात. आम्ही परत लावतो. परत वन्स मोअर. कधीकधी आठ-दहा वेळा. घरात इतरांना त्याचा त्रास होतो, टीव्ही बघता येत नाही, आणि मला वाटतं की आपण त्यांना उगीच त्याच त्याच गोष्टीत अडकवून ठेवतोय की काय. लावावं का बंद करावं?

वैनी, लावा.

विसराळूपणाच्या या आजारात नावं, तारखा, आज सकाळी काय खाल्लं हे आधी जातं आणि लहानपणी ऐकलेली गाणी पुष्कळदा फार उशिरापर्यंत टिकतात, हे डॉक्टरांनीपण पाहिलेलं आहे. गाणं मेंदूत एकाच जागी ठेवलेलं नसतं, शब्द, चाल, ताल, ते ऐकतानाचा आनंद असं सगळीकडं पसरलेलं असतं, म्हणून एक वाट बुजली तरी दुसरीनं जाता येतं. आणि ओळखीच्या गाण्यानं अशा माणसांची संध्याकाळची घालमेल कमी होते हे पण बऱ्याच ठिकाणी दिसलंय. औषधं चालू ठेवा, गाणं औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला.

त्या कशात अडकल्यात असं मला वाटत नाही. वडिलांचा हात धरून थिएटरात बसलेली आठ-दहा वर्षांची मुलगी आहे ती, आणि त्या काळी वन्स मोअर म्हणजे काय होतं बघा, रेकॉर्डवरचं तीन मिनिटांचं पद स्टेजवर वीस-वीस मिनिटं चालायचं, लोक मागत राहायचे आणि नट प्रत्येक वेळी वेगळं गायचा, नवीन जागा घ्यायचा. मागितलं की मिळतं हे त्यांना आतून माहीत आहे. तुमचं नाव त्यांना आठवत नसेल, पण मागितल्यावर देणारं माणूस समोर आहे हे त्यांना कळतंय, असं मला तुमच्या पत्रावरून अगदी स्पष्ट दिसलं.

दोन-तीन बारीक गोष्टी करा. मोबाईलचा आवाज पातळ येतो, छोटा स्पीकर घ्या आणि त्यांच्या खोलीतच ठेवा, म्हणजे टीव्हीवाल्यांची कटकट मिटेल. नवीन चकचकीत रेकॉर्डिंग लावू नका, जुनं खरखर असलेलं लावा, त्यांनी तेच ऐकलंय. दिवस मावळायच्या जरा आधी लावा, घालमेल सुरू झाल्यावर नाही. एखाद्या पदाला त्या अस्वस्थ झाल्या, रडून हैराण झाल्या, तर ते काढून टाका, कारण विचारत बसू नका. आणि तुम्हाला येत असेल तसं तुम्ही स्वतः म्हणा त्यांच्याबरोबर, आवाज कसाही असू दे. शब्द तुमचे चुकले तर त्या दुरुस्त करतील, करू द्या, दिवसभर सगळे त्यांनाच दुरुस्त करत असतात.

आठव्या वेळी कंटाळा आला तर स्पीकर बंद करून तुम्हीच मुखडा धरा, हळू, सावकाश, आणि अंतरा त्यांना म्हणू द्या. झालं की टाळी तुम्ही वाजवा आणि वन्स मोअर तुम्ही मागा.